‘बंगाल’ आणि ‘बडोदा’ : दोन विस्मृत युद्धनौका

मराठी माणसाच्या इतिहासस्मृतीत समुद्राला मानाचे स्थान आहे. पण ते स्थान सलग नाही. शिवछत्रपतींनी आरमार उभारले, सिंधुदुर्ग बांधला, पुढे कान्होजी आंग्रे यांनी पश्चिम किनाऱ्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज यांना धाक बसवला आणि १७५६ साली पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्गाच्या पायथ्याशी तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले, एवढे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्यानंतर एकदम ४ डिसेंबर १९७१ उजाडतो, आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्रनौका कराचीवर हल्ला करतात, आणि तो दिवस नौदल दिन म्हणून पाळला जातो. मधल्या दोनशे पंधरा वर्षांत या किनाऱ्यावरची माणसे समुद्रावर काय करीत होती, याविषयी आपली पाठ्यपुस्तके बहुतांशी मौन पाळतात. वडोदरेकरांच्या बाबतीत तर हे मौन अधिकच चमत्कारिक वाटते. कारण गायकवाडांचे आरमार एके काळी बिलिमोरा बंदरात होते, आणि पुढे महाराजा सयाजीरावांच्या कारकीर्दीत १९२६ साली याच संस्थानाने ओखा बंदर बांधून खुले केले होते. समुद्रापासून दूर असलेली ही राजधानी समुद्राला कधीच पाठमोरी नव्हती.

प्रस्तुत लेखाला निमित्त झाले ते एका लहानशा प्रसंगाचे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत स्वातंत्र्यलढ्याविषयी एक प्रदर्शन भरवावयाचे ठरले आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या घरांतील जुन्या वस्तू, पत्रे, छायाचित्रे आणावीत असे सांगण्यात आले. आठवीतील एका मुलीने रुमालात बांधून एक पदक आणले. तिचे कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. तिचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात नौदलात खलाशी होते. पदकाच्या एका बाजूस सहाव्या जॉर्ज बादशहाचे मुकुटधारी मस्तक होते, आणि दुसऱ्या बाजूस हिंदुस्थानचा नकाशा, त्यावर देशाचे नाव व खाली १९३९–४५ ही वर्षे. मी ते हातात घेतले, बादशहाची बाजू पाहिली आणि मुलीला म्हणालो, ‘हे या प्रदर्शनात बसायचे नाही, बाळ.’ तिने वाद घातला नाही. पदक पुन्हा रुमालात गुंडाळताना तिने एवढेच विचारले, ‘सर, मग ते कोणासाठी लढले?’ मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून जी उत्तरे देता येतात, त्यांपैकी एकही उत्तर मला त्या वेळी सुचले नाही. पुढे जे वाचन झाले ते त्या प्रश्नामुळे झाले, आणि त्या वाचनाचे सार येथे मांडीत आहे.

ज्या दलात ते खलाशी होते, त्याचे नाव ‘रॉयल इंडियन नेव्ही’. २ ऑक्टोबर १९३४ रोजी मुंबईत ‘रॉयल इंडियन मरीन’ या जुन्या संस्थेचे रूपांतर होऊन हे दल अस्तित्वात आले. युद्ध सुरू झाले तेव्हा त्यात दोन हजारांहूनही कमी माणसे आणि मोजक्याच नौका होत्या; युद्ध संपताना माणसांची संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली होती. या दलाच्या खलाशांत कोकणी मुसलमानांचे प्रमाण परंपरेने मोठे असे. रत्नागिरी जिल्ह्यातील खाड्यांच्या काठी वाढलेली, घरी कोकणी-मराठी बोलणारी ही मुले पिढ्यान्‌पिढ्या गलबतांवर आणि आगबोटींवर काम करीत आली होती. नौदलाने त्यांच्या या अंगभूत कौशल्याचा उपयोग करून घेतला. युद्धकाळात पंजाब, बंगाल, मद्रास अशा सर्व भागांतून भरती झाली आणि दलाचे स्वरूप अखिल भारतीय बनले. मात्र वरिष्ठ अधिकारी बहुतेक इंग्रजच राहिले.

या वाढत्या दलासाठी ऑस्ट्रेलियात चार नौका बांधून घेण्यात आल्या. त्यांना ‘बंगाल’, ‘बॉम्बे’, ‘मद्रास’ आणि ‘पंजाब’ अशी प्रांतांची नावे दिली गेली. सुरुंग काढणे, गस्त घालणे आणि व्यापारी जहाजांना संरक्षण देत सोबत जाणे, ही या जातीच्या नौकांची कामे. समोरासमोरच्या सागरी युद्धासाठी त्या बांधलेल्याच नव्हत्या. ‘बंगाल’ ही त्यांपैकी एक नौका. ती सिडनीच्या कॉकाटू गोदीत बांधली गेली आणि ऑगस्ट १९४२ मध्ये नौदलात दाखल झाली. तिचे वजन सुमारे साडेसहाशे टन, वेग ताशी पंधरा सागरी मैल. तिच्यावर चार इंची तोफ बसवावयाची होती. परंतु ती न मिळाल्यामुळे बारा पौंडी गोळ्याची लहान तोफ बसवून काम भागवण्यात आले. विमानांवर मारा करणाऱ्या काही हलक्या तोफा तेवढ्या सोबतीला होत्या. लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन हे तिचे कप्तान होते, आणि तिच्यावरील खलाशी हिंदी होते.

नोव्हेंबर १९४२ च्या पहिल्या आठवड्यात ‘बंगाल’ ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीमँटल बंदरातून निघाली. तिला हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटाकडे जावयाचे होते. तिच्या सोबत ‘ऑन्डिना’ हे डच तेलवाहू जहाज होते. वास्तविक सोबत करणारी नौका जहाजाच्या एकदशांशाएवढी होती. आणि तिच्या तोफेपेक्षा त्या तेलवाहू जहाजाच्या पिछाडीला बसवलेली चार इंची तोफ मोठी होती.

११ नोव्हेंबरचा दिवस. चोवीस वर्षांपूर्वी याच दिवशी पहिले महायुद्ध थांबले होते आणि अनेक देशांत त्या स्मरणार्थ सकाळी अकराच्या ठोक्याला दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाई. त्या दिवशी दुपारच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस भर समुद्रात, ‘बंगाल’वरील पहाऱ्याला प्रथम एक आणि मग दुसरे अशी दोन मोठी जहाजे दिसली. ती ‘होकोकु मारू’ आणि ‘ऐकोकु मारू’ ही जपानी जहाजे होती. मूळची ही प्रवासी व मालवाहू जहाजे; प्रत्येकी दहा हजार टनांहून अधिक वजनाची. युद्धासाठी त्यांच्यावर सुमारे साडेपाच इंची अनेक तोफा, पाणतीर आणि टेहळणीची विमाने चढवून त्यांना दोस्तांच्या व्यापारी जहाजांची शिकार करण्यासाठी सोडण्यात आले होते. त्याच वर्षी मे ते जुलै या महिन्यांत त्यांनी हिंदी महासागरात दोन जहाजे पकडली होती आणि एक बुडवले होते. त्यांच्या नावांचा अर्थ नोंदवून ठेवण्यासारखा आहे : ‘ऐकोकु’ म्हणजे देशप्रेम आणि ‘होकोकु’ म्हणजे देशाचे ऋण फेडणे.

पळून जाणे ‘बंगाल’ला शक्य नव्हते, शत्रूचा वेग ताशी वीस मैलांच्या वर होता. विल्सन यांनी ‘ऑन्डिना’ला निसटून जाण्याची सूचना केली आणि स्वतःची नौका सरळ शत्रूच्या दिशेने वळवली. आपण शत्रूला गुंतवून ठेवावे आणि तेवढ्या अवधीत तेलवाहू जहाजाने दूर जावे, असा हा साधा हिशेब होता. त्या हिशेबात ‘बंगाल’ परत येईल असे कोणी धरले नसावे. सुमारे साडेतीन हजार यार्डांच्या अंतरावरून तोफा सुरू झाल्या. ‘ऑन्डिना’नेही सूचनेप्रमाणे निघून न जाता आपल्या तोफेने मारा आरंभला. थोड्याच वेळात ‘होकोकु मारू’वर पाणतिरांच्या जागी एक गोळा बसला, मोठा स्फोट झाला, विमानाच्या पेट्रोलने पेट घेतला आणि आग पसरत गेली. सुमारे तासाभराने ते जहाज बुडाले. त्याच्या कप्तानासह शहात्तर माणसे गेली. पावणेतीनशेंहून अधिक माणसांना ‘ऐकोकु मारू’ने पुढे वर काढले.

‘बंगाल’चा दारूगोळा संपत आला होता, तिच्यावरही गोळे बसले होते आणि एका ठिकाणी आग लागली होती. ‘ऑन्डिना’ला शत्रूचे गोळे लागताना दिसत होते. तिचा आता निभाव लागत नाही अशी समजूत होऊन विल्सन यांनी धुराचा पडदा सोडून नौका बाहेर काढली. १७ नोव्हेंबरला ‘बंगाल’ दिएगो गार्सियास पोहोचली. तिच्यावरील एकही माणूस मृत्युमुखी पडला नव्हता. ‘ऑन्डिना’चे दैव मात्र कठोर होते. तिचा दारूगोळा संपला, कप्तान विलेम होर्समन यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला आणि त्याच वेळी ते स्वतः गोळ्याने ठार झाले. जपान्यांनी जहाजावर पाणतीर सोडले आणि बोटींत उतरलेल्या खलाशांवर मशीनगनचा मारा केला. त्यात आणखी काही जण मेले. परंतु ‘ऐकोकु मारू’ निघून गेल्यावर ‘ऑन्डिना’ तरंगत राहिलेली दिसली. वाचलेले डच आणि चिनी खलाशी पुन्हा तिच्यावर चढले, त्यांनी आग विझवली, यंत्रे चालू केली आणि मदतीसाठी साध्या भाषेत बिनतारी संदेश पाठवला. कारण सांकेतिक पुस्तके समुद्रात टाकून देण्यात आली होती. किनाऱ्यावर ‘ऑन्डिना’ बुडाल्याचीच वार्ता पोहोचलेली असल्यामुळे तो संदेश शत्रूचा सापळा समजला गेला. तरीही १८ नोव्हेंबरला ते जखमी जहाज फ्रीमँटलला परतले.

या घटनेविषयी पुढे वाद निर्माण झाला. निर्णायक गोळा कोणाचा? रॉयल इंडियन नेव्हीच्या वृत्तांतात तो ‘बंगाल’चा ठरला, विल्सन यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ मिळाली, हिंदी खलाशांचाही सन्मान झाला आणि सरकारी प्रचारयंत्रणेने या लढाईची कीर्ती देशभर पसरवली. डच वृत्तांतात तोच गोळा ‘ऑन्डिना’चा ठरला आणि युद्धानंतर डच सरकारने त्या जहाजाचा गौरव केला. तोफेच्या आकाराचा विचार करता डचांचा दावा हलका लेखता येत नाही. ‘बंगाल’ निघून गेली, ही गोष्ट ‘ऑन्डिना’वरील माणसांच्या मनात सलत राहिली असल्यास त्यांनाही दोष देता येणार नाही. इतिहासाच्या शिक्षकाने येथे आपल्या बाजूचे पारडे जड करण्याचा मोह आवरावा असे मला वाटते. गोळा कोणाचा याविषयी दोन मते संभवतात. परंतु साडेसहाशे टनांची नौका दोन दहा हजारी जहाजांवर चालून गेली, याविषयी दुसरे मत नाही. ‘बंगाल’चे श्रेय त्या वळणात आहे. ते श्रेय मान्य करण्यासाठी होर्समन आणि त्यांच्या सोबत्यांच्या श्रेयातील एक कणही कमी करण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही लढाई झाली ती नोव्हेंबर १९४२ मध्ये. त्यापूर्वी अवघ्या तीन महिन्यांनी, ८ ऑगस्टला, मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला होता. योगायोग असा की, ‘बंगाल’ नौदलात दाखल झाली तीही त्याच ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर. गांधीजी आगाखान महालात बंदिवान होते. साताऱ्यात प्रतिसरकारच्या चळवळीची बीजे रुजत होती. अशा वेळी बादशहाच्या निशाणाखाली लढणाऱ्या हिंदी खलाशांचे कौतुक सरकारने केले म्हणूनच राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांनी ते केले नाही, हे समजण्यासारखे आहे. राज्यकर्त्यांच्या स्तुतीने झाकलेले शौर्य परक्याचे वाटू लागते. स्वातंत्र्यानंतर ते शौर्य पुन्हा उघडून पाहण्याची गरज मात्र आपल्याला भासली नाही.

परंतु याच दलाचे नाव आपल्या स्वातंत्र्येतिहासात एका वेगळ्या कारणाने आदराने घेतले जाते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या किनारी केंद्रातील खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. पाहता पाहता अठ्ठ्याहत्तर नौका आणि सुमारे वीस हजार खलाशी त्यात सामील झाले. नौकांवरून इंग्रजी निशाण उतरले आणि काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे एकत्र चढले. मुंबईच्या गिरणगावातील कामगार रस्त्यावर आले आणि गोळीबारात शेकडो माणसे बळी पडली. या उठावाचे स्मारक आज मुंबईत कुलाबा येथे उभे आहे, आणि ते असलेच पाहिजे.

येथे शिक्षकबंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९४६ चे खलाशी आकाशातून पडलेले नव्हते. हिंदी महासागरात, भूमध्य समुद्रात, ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर ज्यांनी युद्ध केले होते, तेच हे दल होते. जग हुकूमशाहीपासून मुक्त करण्यासाठी तुम्ही लढता आहात असे त्यांना सांगितले गेले होते; त्यांनी ते ऐकले, आणि युद्ध संपल्यावर तोच न्याय स्वतःसाठी मागितला. १९४२ च्या खलाशाला भाडोत्री म्हणावे आणि १९४६ च्या खलाशाला क्रांतिकारक म्हणावे, तर अनेकदा एकाच माणसाचे दोन तुकडे करावे लागतील. इतिहासलेखनाच्या सोयीसाठी एवढी किंमत मोजणे उचित नव्हे.

या कथेचा दुसरा भाग आपल्या शहराच्या नावाशी जोडलेला आहे. युद्धात बडोदा संस्थानाने इंग्रजांना मोठे साहाय्य केले. महाराजा प्रतापसिंहराव यांच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या एकशे चोविसाव्या स्पिटफायर तुकडीला ‘बडोदा’ हे नाव मिळाले, हे जाणकारांना ठाऊक आहे. परंतु नौदलातही ‘बडोदा’ नावाची एक नौका होती, हे फारच थोड्यांना माहीत असेल. मासेमारीच्या ट्रॉलरांच्या धर्तीवर पाचशे टनांच्या आसपास वजनाच्या अनेक लहान नौका त्या काळी हिंदुस्थानच्या गोद्यांत बांधण्यात आल्या आणि त्यांना शहरांची व प्रांतांची नावे देण्यात आली : ‘अहमदाबाद’, ‘लाहोर’, ‘पूना’, ‘नाशिक’, ‘रामपूर’ आणि ‘बडोदा’. बंदरांच्या तोंडाशी गस्त घालणे, पाणबुड्यांवर नजर ठेवणे, सुरुंग वेचणे हे त्यांचे काम. अशा नौकांच्या वाट्याला ‘बंगाल’सारखी लढाई क्वचितच येते. पहाटेपासून रात्रीपर्यंत तेच पाणी, तीच फेरी. शत्रू दिसला नाही तर काम नीट झाले असे समजावयाचे.

१९४७ साली देशाची फाळणी झाली आणि पलंग-खुर्च्यांपासून युद्धनौकांपर्यंत सर्व वस्तूंची वाटणी झाली. नौदलाच्या वाटणीत ‘बंगाल’ भारताकडे राहिली. तिने पुढे स्वतंत्र भारताच्या निशाणाखाली काही वर्षे सेवा केली आणि १९६० साली ती निवृत्त झाली. ‘बडोदा’ मात्र ‘रामपूर’सह पाकिस्तानच्या वाट्याला गेली. त्याच वाटणीत ‘काठेवाड’ नावाची नौका आणि ‘नर्मदा’ व ‘गोदावरी’ या दोन मोठ्या नौकाही तिकडे गेल्या. पुढे पाकिस्तानने ‘नर्मदा’चे नाव ‘झेलम’ आणि ‘गोदावरी’चे नाव ‘सिंध’ असे ठेवले. नकाशावर नद्या आणि शहरे जागच्या जागी राहिली, त्यांच्या नावांच्या नौका मात्र सीमेपार गेल्या. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरणाच्या पावणेदोन वर्षे आधीच आपल्या शहराचे नाव धारण करणारी नौका कराचीच्या बंदरात परक्या देशाची झाली होती.

तरीही या वाटणीच्या काळात एक काम दोन्ही देशांनी एकत्र केले, आणि ते स्मरणात ठेवण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धातील हिंदी सैन्याचा इतिहास लिहिण्याची योजना भारत आणि पाकिस्तान यांनी संयुक्तपणे चालू ठेवली. डॉ. बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादकत्वाखाली तिचे खंड निघाले, आणि रॉयल इंडियन नेव्हीवरील खंड १९६४ साली प्रसिद्ध झाला. नौका वाटता आल्या. त्यांच्यावर घडलेला इतिहास वाटता आला नाही.

स्मारकांचेही तसेच आहे. समुद्रावर मरण आलेल्याला समाधी नसते. मुंबईत मशीद बंदर येथील खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात प्राण गमावलेल्या नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांवरील सहा हजारांहून अधिक खलाशांची नावे एका ग्रंथात लिहिली आहेत. त्या ग्रंथाच्या दोन प्रती करण्यात आल्या : एक मुंबईच्या याच खलाशीगृहात आणि दुसरी आजच्या बांगलादेशातील चितगाव येथील युद्धस्मशानभूमीत. सहलीला मुंबईत गेलेल्या आपल्या किती शाळांनी तेथे पाऊल टाकले असेल? गेट वे ऑफ इंडिया पाहून आपण परत फिरतो. मीही अनेक वर्षे मुले घेऊन तसाच परत फिरलो आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या नौदलाने वसाहतकालीन खूण काढून टाकून शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेले नवे निशाण स्वीकारले, आणि २०२३ सालचा नौदल दिन सिंधुदुर्गावर साजरा झाला. मराठी मनाला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु निशाण बदलले म्हणजे जुन्या निशाणाखाली मेलेली माणसे आपली नव्हती असे ठरत नाही. त्यांना निशाण निवडण्याचा अधिकारच नव्हता. कोणी पोटासाठी गेला, कोणी वडिलांच्या वाटेने गेला, कोणी जपान्यांचे आक्रमण रोखावे म्हणून गेला. प्रत्येकाच्या मनात काय होते हे आपण सांगू शकत नाही. समुद्रावर त्यांनी काय केले ते मात्र सांगू शकतो, आणि शिक्षकाचे काम तेवढेच आहे.

दुसऱ्या वर्षी प्रदर्शन पुन्हा भरले तेव्हा ती मुलगी नववीत होती. मी तिला बोलावून पदक पुन्हा आणण्यास सांगितले. तिने ते आणले; मात्र देताना विचारले, ‘सर, कोणती बाजू वर ठेवायची?’ आम्ही ते काचेच्या पेटीत असे उभे केले की दोन्ही बाजू दिसाव्यात. खाली चिठ्ठीवर काय लिहावे याविषयी शिक्षकदालनात बरीच चर्चा झाली. अखेर तिनेच लिहिलेले वाक्य आम्ही जसेच्या तसे ठेवले : ‘माझे पणजोबा समुद्रावर होते. तेव्हा देश आपला होता, पण राज्य आपले नव्हते.’